वाचून समजावून सांगितलं

१४ जानेवारी १९७३, रविवार

बाबांना औषध कंपनीकडून दोन डायऱ्या मिळाल्या. एक त्यांनी हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये ठेवली, एक मला दिली. म्हणाले, "मराठीत लिही. पुण्याच्या शाळेनं तुझं इंग्रजी झकास केलं, पण तुझं मराठी पत्र आलं की वाटतं डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिलीय." म्हणून मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. चुकू देत, कोण वाचणार आहे?

मोठी बातमी म्हणजे आम्ही घर घेतोय! बाबा ३१ मार्चला रिटायर होणार. एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून जखमा बांधल्या, एकतीस वर्षं या क्वार्टरमध्ये राहिले. रिटायर झाले की किल्ली परत. चर्चमधून येताना मी सांगून टाकलं की घर मी शोधतो. बी.ए. झालंय, बँकेच्या परीक्षेचा निकाल यायचाय, तोवर मोकळाच आहे. आई म्हणाली, "बेन्या, तू कधी मेथीची जुडी धड आणलीस का? म्हणे घर आणतो!"

बघच म्हटलं.

१९ जानेवारी

एजंट भेटले. सूर्यभान दारकुंडे. पायजमा, काळा कोट, सायकलच्या हँडलला पिशवी आणि पिशवीत नकाशांच्या सुरळ्या. "नगरातली कुठली भिंत कुनाच्या बापाची हाय, ते मला इचारा साहेब." मला कुणी आजपर्यंत साहेब म्हटलं नव्हतं.

त्यांच्याकडे कुठल्या तरी ट्रस्टचं इंग्रजी पत्र आलं होतं. मी तिथंच उभ्या उभ्या वाचून मराठीत अर्थ सांगितला. ते बघतच राहिले. "असं सरळ कुनी सांगत न्हाई हो. वकील तर कागद वाचायच्या आधी आपला खिसा वाचतो." चहा त्यांनीच पाजला. माणूस गमतीदार आहे. मला आवडला.

२१ जानेवारी, रविवार

घर मिळालं! म्हणजे बघितलं, पण मिळाल्यासारखंच आहे.

सर्जेपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. दगडी भिंती, दोन खोल्या, स्वयंपाकघर, छोटंसं अंगण. मालक नाशिकला असतात, त्यांना विकून मोकळं व्हायचंय. आणि किंमत आपल्या आवाक्यातली! स्वयंपाकघराला रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही, आई जन्मभर धुरात स्वयंपाक करत आली. ती त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. बाहेर एक बाई हंडा घेऊन नळाच्या रांगेत भांडत होती. आई म्हणाली, "इथं भाकरी करताना माणूस दिसेल गं बाई." कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. तिथं दुसरी बाई नव्हती.

अंगणाच्या मागे अजून एक खोली आहे, पत्र्याची. तिला कुलूप होतं. एजंट म्हणाले, मालकाचं जुनं सामान आहे, खरेदीच्या आधी रिकामी करून देतो. दाराशी दोरीवर ओलं लुगडं वाळत होतं. शेजारणीचं, म्हणाले. असेल. बाबांनी कुलपाकडे दोनदा पाहिलं. बाबांना सगळ्याचंच टेन्शन असतं.

२ फेब्रुवारी

आज मी वकिलासारखं काम केलं.

दारकुंडे पाच स्टॅम्पपेपर घेऊन आले. त्या ट्रस्टच्या खोल्या आहेत, तिथले भाडेकरू खोल्या सोडणार आहेत, त्यांचे हक्क सोडल्याचे कागद करायचेत. इंग्रजीत पाहिजेत. "मराठी कागदाला कोर्टात कुत्रं इचारत न्हाई. इंग्रजी आसला की जज्ज चष्मा लावतो." नावं आणि घरनंबर नंतर भरायचे, तेवढी जागा सोडायची.

मी आधी कच्चं लिहिलं, मग माझ्या कर्सिव्ह अक्षरात पाचही पक्के केले. 'ऑफ माय ओन फ्री विल, अँड विदाउट एनी प्रेशर ऑर पर्सुएशन.' हे वाक्य माझं स्वतःचं! मोठ्यानं वाचून दाखवलं तर दारकुंडे डोळे मिटून ऐकत होते, कीर्तन ऐकावं तसे. एक शब्द कळत नव्हता त्यांना.

अशा कागदाखाली एक ओळ लागते म्हणे, की वरचा मजकूर लिहून देणाऱ्याला मराठीत वाचून समजावून सांगितला. त्याखाली समजावणाऱ्याची सही.

"ठोका सही," म्हणाले. "ज्याला इंग्रजी येतं त्याचीच चालती."

मी म्हटलं, "पण अजून कुणाला समजावलं नाही मी."

"समजावू की! नाव आलं की मानूस बी येतंय."

पाच सह्या केल्या. शेवटची सगळ्यात छान आली.

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या पायरीवर इसहाक मास्तरांनी हात धरला. "सलाम. दारकुंड्याकडून घर घेताय म्हणे. जपून बरं का. त्याच्या हातून घर घेतलं की पहिल्या पावसापर्यंत काहीतरी निघतं."

दिवसभर डोकं भणभणलं. हा माणूस आपल्याला फसवत असेल का? किंमत कमी का? घर दोघांना विकलं असेल तर?

१३ फेब्रुवारी

मी गप्प बसणारा नाही. काल सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जाऊन उतारा काढला. क्लार्कनं दोन तास बसवून ठेवलं. मालकाचं नाव बरोबर, घरावर बोजा नाही, भाऊबंदांचा हिस्सा नाही, चारी बाजू नकाशाप्रमाणे. मी टेप घेऊन अंगणसुद्धा मोजून आलो. कागद स्वच्छ!

मग दारकुंड्यांना तोंडावर विचारलं, "तुम्ही मालकाकडूनही कमिशन खाता का?"

"खातो की. चोरून खात न्हाई, जेवाया बसल्यागत मांडी घालून खातो." आणि हसले. मलाही हसू आलं. जो असं तोंडावर सांगतो तो फसवणारा नसतो.

एकच गोष्ट. मोजायला गेलो तेव्हा मागच्या खोलीला कुलूप नव्हतं, दार नुसतं ओढलेलं होतं. आतून भाकरीचा वास येत होता. वाकून बघावं असं वाटलं, पण दुसऱ्याच्या सामानात डोकावणं बरं नाही.

२० फेब्रुवारी

साठेखत झालं, विसार दिला. खरेदी २ एप्रिलला, सोमवारी. आईनं खिडकीसाठी पडद्याचं कापड आणलं. निळं.

६ मार्च, मंगळवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

संध्याकाळी बाबा घरी आले ते एका बाईला घेऊन. रंगुबाई. पन्नाशीची असेल, मूळची पाथर्डीकडची, नवरा वारलेला, मुलगा उसतोडीला गेलेला. भिंगारपलीकडे दुष्काळी कामावर खडी फोडते. हातोडी बोटांवर बसली, बाबांनी दुपारी पट्टी बांधून दिली. तिच्याजवळ एक कागद होता.

बाबा म्हणाले, "बेनी, यांना हा कागद वाचून दाखव. सगळा वाच."

माझं अक्षर.

मधल्या रिकाम्या जागेत दुसऱ्या शाईनं रंगुबाईचं नाव आणि घरनंबर. आमच्या घराचा नंबर. मागची खोली. खाली अंगठा, आणि अंगठ्याच्या शेजारी माझी सही. ती शेवटची, छान आलेली.

रंगुबाई खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याशीच टेकली. म्हणाली, "एकुनीस वर्सं ऱ्हाते मी त्या खोलीत. त्यो एजंट म्हनला, मालक पत्रं बदलनार हाय, दोन म्हयने कुठंतरी ऱ्हावा, हितं अंगठा द्या. म्या दोन कागदांवर दिला, एक त्येनं मला दिला. पन रातीपास्नं जीव खालवर होतोय. परत यायचं लिवलंय का त्यात, येवढंच बघा भाऊ."

त्यात लिहिलंय की मी माझ्या खुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय, खोली कायमची सोडत आहे आणि पुढे कधीही हक्क सांगणार नाही. मीच लिहिलंय. कायमची हा शब्द दोनदा आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात तो निळा पडदा, दातात सुई.

मी म्हटलं, "हो. लिहिलंय. दोन महिन्यांनी परत यायचं असं लिहिलंय."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं दोन्ही हात जोडले. एक हात पट्टीचा. "शिकल्यालं मानूस घरात आसलं म्हंजे बरं आसतं," असं आईला म्हणाली. बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि तिला दिला. मग ते बाहेर गेले. जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

बरं झालं, बाबांना इंग्रजी बाटल्यांच्या लेबलांपुरतंच येतं.

७ मार्च

सकाळीच दारकुंड्याचं घर गाठलं. लबाड आहे हा माणूस! चोर आहे! मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

तो दाढी करत होता. थांबला नाही. "कशाला तापता बेनीसाहेब? भाडेकरू आत ठेवून घर घेतलं आसतं का तुमच्या वडिलांनी? तिला काढाया कोर्टात गेलं तर धा वर्सं जात्यात. म्हनून तर मालक एवढ्यात द्यायला तयार झाला."

"पण तुम्ही तिला खोटं सांगितलंत!"

"म्या खोटं सांगितलं, कबूल. काल ती तुमच्याकडं आल्ती न्हवं? सांगायचं हुतं खरं. तुमचं तोंड कुनी धरलं हुतं?"

साबण धुतला, टॉवेल घेतला. "आन् कागदावर माझं नाव दाखवा कुठं हाय ते. समजावून सांगितलं म्हनून सही कुनाची हाय?"

मी परत आलो. येताना सायकल हातात धरून चालतच आलो. बसायचं विसरलो.

१३ मार्च

रंगुबाई गेली. भावाकडे, करंजीच्या बाजूला. तिथंही खडीचं काम चालू आहे म्हणे. मी गल्लीच्या टोकाला उभा होतो. डोक्यावर वळकटी, हातात एक डबा आणि रॉकेलचा स्टो. दुसरं सामान खोलीतच ठेवलं. दोन महिन्यांनी परत यायचंय ना.

तिनं मला पाहिलं. हसली. "भाऊ, ध्यान ठेवा खोलीवर," म्हणाली.

ती वळल्यावर दारकुंड्याच्या माणसानं कुलूप लावलं.

१८ मार्च, रविवार

चर्चला गेलो. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटले, मी मिटले नाहीत. बाबा माझ्याकडे बघत होते. मी बघितल्यावर त्यांनी मिटले.

बाबा हल्ली इंग्रजी पेपर मला वाचायला सांगत नाहीत. रोज सकाळी सांगायचे, "बेनी, हेडलाइन्स वाच." आता पेपर तसाच घडी करून ठेवतात. त्यांची तब्येत ठीक नसावी.

स्वतःला सांगतोय, हे सगळं दारकुंड्यानं केलं. मला काय माहीत होतं? पण मग ६ तारखेचं पान उघडतो. त्या दिवशी मला सगळं माहीत होतं.

२४ मार्च

आई विचारते, पडद्याला कडी लावायची की दोरी. मी म्हटलं काहीही लाव. ती म्हणाली, "तुला घराचा आनंदच नाही रे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ती बाई परत आली तर मागं राहील की. आपली काही हरकत नाही." मी मान हलवली. म्हणजे आता आईशीही खोटं बोललो.

करंजीला एसटीनं तासाभरात जाता येतं. रोज ठरवतो. रोज काहीतरी काम निघतं.

३१ मार्च, शनिवार

दुपारी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बाबांचा निरोप समारंभ. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलले, कारण त्यांना मराठी पेशंटपुरतंच येतं. बाबांना उत्तर द्यावं लागणार म्हणून मी रात्रभर बसून त्यांच्यासाठी छोटं भाषण लिहिलं होतं, सोप्या शब्दांचं, वाचता येईल असं. खिशातून काढून त्यांच्याकडे धरलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

आणि बाबा उठून इंग्रजीत बोलले. कागद नाही, अडखळणं नाही. चार-पाच मिनिटं. मला लिहिता आलं नसतं असं साधं, चांगलं इंग्रजी. नर्सेस हसल्या, मग रडल्या. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्या वडिलांनी वीस वर्षं रात्रपाळीच्या नर्सना इंग्रजी पुस्तकं वाचून शिकवलं. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी आठव्या वर्षापासून बोर्डिंगमध्ये.

मला मात्र त्याच क्षणी ६ तारीख आठवली. 

घरी चालत येताना विचारलं, "तुम्ही कधी बोलला का नाहीत इंग्रजी?"

"तू सुट्टीला यायचास, बोलून दाखवायचास. तुझा आनंद कशाला घालवायचा?"

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "तो कागद..."

"ड्रेसिंग रूममध्येच वाचला होता. अक्षर तुझं, सही तुझी. म्हटलं, तिला तुझ्या तोंडून कळू दे. मी सांगितलं असतं तर तू नुसता पकडला गेला असतास."

"मग नंतर? ती जाईपर्यंत?"

बाबा थांबले. चप्पल नीट केली. ती नीटच होती.

"रोज सकाळी वाटायचं, आज पोरगा जाईल. आणि तुझी आई रोज त्या खिडकीबद्दल बोलत होती." मग म्हणाले, "त्या बाईची पट्टी मी बांधली, बेनी. माझ्याच हातानं तिला परत कागद दिला. तू एकटा नाहीस यात. पण सही तुझी आहे. जायला तुलाच लागेल."

आईला त्यांनी स्वतः सांगितलं. तिनं खुर्चीवर चढून, घरात लावून बघायला म्हणून टांगलेला पडदा काढला आणि पिशवीत भरला.

१ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. सकाळच्या एसटीनं करंजी.

घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. शे-दीडशे असतील. सगळीकडे नुसता टक टक आवाज. सावली कुठंच नाही. रंगुबाई टोकाला बसली होती. पट्टी काळी पडली होती, तरी त्याच हातानं दगड धरत होती.

मला बघून उठायला लागली. "खोलीचं काय झालं भाऊ? पत्रं बदलली?"

मी म्हटलं, "बसा. तो कागद आहे का?"

कमरेच्या पिशवीतून तिनं काढला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. मी उकिडवा बसलो आणि वाचला. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ मराठीत. कायमची. हक्क नाही. पुन्हा कायमची. शेवटी माझं नाव. आजूबाजूची टक टक थांबत गेली. कोणीतरी म्हणालं, "ह्योच का त्यो इंग्रजीवाला?"

मग मी काल रात्री लिहिलेला कागद काढला. मराठीत. की हा इंग्रजी कागद मी नावाची आणि घरनंबरची जागा कोरी ठेवून लिहिला आणि ती कोरी असतानाच सही केली. रंगुबाईंना तो वाचून समजावून सांगितला नव्हता. ६ मार्चला त्यांनी विचारलं तेव्हा मी जाणूनबुजून खोटं सांगितलं. सूर्यभान दारकुंडे यांनी पत्रे बदलण्याचं सांगून अंगठा घेतला. मी कोर्टात, मामलेदारापुढे, कुठंही हे सांगायला येईन. त्याचंही वाचन सुरू केलं तर रंगुबाईनं हात वर केला.

"तू नगं वाचू."

तिनं हाक मारली, "आसाराम! ए आसाराम, हिकडं ये जरा." हजेरीचं मस्टर ठेवणारा माणूस आला. तिनं कागद त्याच्याकडे दिला. "ह्ये वाच. काय लिवलंय तेवढंच वाच, तुझं काय घालू नगं."

आसारामनं वाचलं. माझं अक्षर मराठीत वाईट आहे, दोन ठिकाणी अडला. मला सांगावंसं वाटलं, पण मी गप्प राहिलो. तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दोन्ही वेळा सारखं आलं तेव्हा तिनं कागद घेतला, दोन्ही एकत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि पिशवीत घातले.

आसाराम मला म्हणाला, "साहेब, शिकून ह्येच का?" आणि गेला.

रंगुबाईनं हातोडी उचलली, पण मारली नाही.

"त्या दिशी वाचाया येत न्हवतं का तुला?"

"येत होतं."

"मंग?"

काय काय सांगणार होतो मी. बाबांची रिटायरमेंट, क्वार्टर, आईचा धूर, दारकुंडे. एसटीत सगळं पाठ केलं होतं.

"घर पाहिजे होतं," मी म्हटलं.

"मला बी," ती म्हणाली.

आणि हातोडी दगडावर मारली. मी तिथंच बसून राहिलो. आणखी चार दगड फोडल्यावर, वर न बघता तिनं सांगितलं, "बुधवारी पाडवा हाय. पाडव्याला म्या माझ्या दारात आसंन. तवर त्ये कुलूप निघाल्यालं पायजे. कसं काढतूस ते तुझं तू बघ."

उद्या अकरा वाजता दारकुंडे रजिस्ट्रार ऑफिसच्या दारात वाट बघत असेल. खरेदी होणार नाही, हे त्याला सांगायचंय. आणि किल्ली मागायचीय. बाबा म्हणाले, मी येतो. मी नको म्हटलं. मग म्हटलं, या.